सासऱ्यांचं आकाश

"मी तुम्हाला आकाश आणून देतो, बाबा," असं कुलूपराव सासऱ्यांना बोलून गेले. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खोलीत बायकोही होती. म्हणजे आता शब्द मागे घेता येणार नव्हता.

कुलूपराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचं, जिना अर्धा उतरल्यावर परत येऊन पुन्हा ओढून बघायचं, ही सवय अख्ख्या इमारतीला पाठ झाली होती आणि त्यातूनच हे नाव पडलं होतं. नगररचना कार्यालयात ते नकाशांच्या विभागात होते. तिथेही पंखा, दिवा, कपाट, खिडकी आणि कंप्युटर ही सगळी मंडळी व्यवस्थित बंद केल्याशिवाय ते जागचे हलत नसत. चालू सोडलेली वस्तू म्हणजे त्यांना उघडी पडलेली जखम वाटायची.

सासरे खुब्याचं हाड मोडून मागच्या खोलीत पडून होते. ते उभा जन्म वेधशाळेत होते, ढगांचे निरीक्षक. सकाळ-संध्याकाळ आकाशाकडे बघायचं आणि कुठला ढग, किती उंच, कुठल्या दिशेने चाललाय हे लिहायचं, हे त्यांचं काम. सरकार या कामाचा पगार देतं हे कुलूपरावांना लग्नानंतर कळलं, आणि आपण नोकरी निवडताना घाई केली असं तेव्हापासून त्यांच्या मनात राहून गेलं होतं. अशा माणसाच्या नशिबी आता जी खिडकी आली होती तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. भिंतीवर एक पाइप होता. सासरे दिवसभर त्या पाइपाकडे बघायचे आणि "पाइप उत्तरेकडे झुकलाय," असं अधूनमधून सांगायचे. ते ऐकून बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

म्हणून आकाश.

बेत साधा होता. गच्चीवर एक छोटा कॅमेरा, तोंड वर करून. त्याची तार खाली दिवाणखान्यातल्या जुन्या कंप्युटरला. कंप्युटरने दर मिनिटाला आकाशाचा फोटो काढायचा आणि सासऱ्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर पाठवायचा. कंप्युटर इतका म्हातारा होता की त्याच्यावर लिनक्सशिवाय दुसरं काही चालेना. कुलूपरावांनी कुठल्याशा मासिकातला लेख वाचून ते स्वतः बसवलं होतं, आणि ही गोष्ट ते बोलण्याच्या ओघात, ओघ नसला तरी, पाहुण्यांना सांगत.

पहिली अडचण लिनक्सची नव्हती, सेक्रेटरींची होती. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त कस्टम अधिकारी होते आणि समोरचा माणूस काहीतरी लपवतोय या गृहीतावरच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं.

"गच्चीवर कॅमेरा? बायका तिथे कपडे वाळत घालतात."

"कॅमेरा वर बघतो, साहेब. आकाशाकडे."

"आकाशाकडे कशाला?"

कुलूपरावांनी दोनतीन वाक्यं सुरू करून सोडून दिली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल."

पाहणी झाली. कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं हे ठरवायचं तर कॅमेऱ्याच्या जागी डोकं ठेवायला हवं, असा मुद्दा सेक्रेटरींनीच काढला आणि ते गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून उताणे झाले. एकट्यानेच आडवं राहणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी कुलूपरावांनाही आडवं व्हायला सांगितलं. वरच्या मजल्यावरचे विमावाले काय चाललंय ते बघायला आले आणि आपणहून तिसरे आडवे झाले. वर पांढरे, फुगलेले, कसलीच घाई नसलेले ढग चालले होते. सेक्रेटरींचा एक हात छातीवर होता. थोड्या वेळाने ते अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तो बघा, तो उंटासारखा आहे." मग आणखी थोड्या वेळाने ते घोरू लागले. दोरीवरचे कपडे काढायला आलेल्या बाईंनी तीन पुरुष ओळीने झोपलेले पाहिले आणि त्या कपडे तसेच टाकून खाली गेल्या. पाहणीचा निष्कर्ष "हरकत नाही" असा निघाला.

कंप्युटरचं काम त्यामानाने सोपं गेलं. लिनक्समध्ये पडद्यामागे सतत चालणाऱ्या कामाला सर्व्हिस म्हणतात. ती सगळ्या यंत्राच्या नावावर चालवता येते किंवा एकाच माणसाच्या नावावर. कुलूपरावांनी ती स्वतःच्या नावावर चालवली, कारण सासरे त्यांचे होते, यंत्राचे नव्हते. लॉगिन केलं की सर्व्हिस आपोआप सुरू व्हायची. त्यांनी सुरू करून दाखवली. मागच्या खोलीत टीव्हीवर आकाश उमटलं.

सासरे म्हणाले, "मध्यम उंचीवरचे. पश्चिमेकडून येतायत." आणि त्यांनी डोळे मिटले, आकाश जागेवर आहे याची खात्री पटलेल्या माणसासारखे. त्या संध्याकाळी कुलूपराव घरात जरा ताठ चालत होते. एवढ्या वर्षांत सासऱ्यांनी त्यांच्याकडे हवामानाच्या संदर्भाशिवाय पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुलूपरावांनी सकाळी लॉगिन केलं, आकाश चालू झाल्याचं बघितलं, शिस्तीप्रमाणे लॉगआउट केलं, कुलूप ओढलं, परत येऊन ओढलं आणि ते कचेरीत गेले. बायको शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. तिने त्याच कंप्युटरवर आपल्या नावाने लॉगिन केलं आणि काम सुरू केलं. कंप्युटर चालू, दिवा लागलेला, सगळं ठीक.

संध्याकाळी कुलूपराव आले, लॉगिन करून मागच्या खोलीत डोकावले. टीव्हीवर ढग चालत होते.

"जावईबापू," सासरे हळू आवाजात म्हणाले, "आज मी भिंगासारखा ढग पाहिला. सकाळपासून एका जागी उभा. आत्ता तुम्ही यायच्या क्षणाला गेला."

"छान," कुलूपराव म्हणाले.

"छान? डोंगरावरून वारा आला की असा ढग होतो. उभा राहतो, हलत नाही. नोकरीत मला एकदाच दिसला, तोही घटकाभर. हा दिवसभर होता!" दुखण्याच्या गोळ्यांमुळे ते डुलक्या घेत होते, पण जाग आली की ढग होताच. शेवटी न राहवून त्यांनी वेधशाळेत फोन केला होता. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता तिथे प्रमुख होता.

"काय म्हणाला तो?"

सासरे भिंतीकडे बघू लागले. "बाहेर जाऊन आला. म्हणाला, दुपारपासून सगळं भरून आलंय, असा ढग कुठेच नाही. मग म्हणाला, सर, तुम्ही आराम करा."

हा 'आराम करा' त्या घरात पुढे बरेच दिवस राहायला आला. ज्या माणसाच्या एका शब्दावर विमानं थांबत असत त्याला कुणीतरी, तेही त्याच्याच शिष्याने, आराम करायला सांगितलं होतं. आणि रोज तेच होऊ लागलं. कुलूपराव गेले की आकाश थांबायचं, आले की चालायचं. सासरे सांगायचे, "आजचा ढग हलला नाही." कुलूपराव टीव्हीकडे बघायचे तर ढग हलतोय. ते समजुतीच्या स्वरात म्हणायचे, "बाबा, हलतोय की." तो समजुतीचा स्वर सासऱ्यांना हाडापेक्षा जास्त दुखायचा.

बायकोने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी डोळे तपासले, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"तुम्हाला माहीत नसेल तर कॅलेंडर बाहेर आहे," सासरे म्हणाले.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की वयामुळे थोडा गोंधळ होतो, टीव्ही काढून टाकलेला बरा. बायकोने कुलूपरावांकडे पाहिलं. "अहो, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत," ती म्हणाली. नवऱ्याला हे वाक्य ऐकवलं की त्याने काहीतरी भयंकर केलेलं असतं, हे कुलूपरावांना अनुभवाने ठाऊक होतं. "पण त्यांना भास व्हायला लागलेत. रविवारपर्यंत बघू, नाहीतर काढू."

विमावाल्यांना बातमी लागली. त्यांनी तरुणपणी कंप्युटरचा कोर्स केला होता आणि तो वाया गेल्याची सल त्यांना होती. ते म्हणाले, "तुमच्या यंत्रात दम नाही असं नाही, तुमच्या हुकमात दम नाही. सुपरयुजर म्हणून चालवा. सर्वाधिकारी! मग कोण अडवतंय?" आणि कुलूपराव नको नको म्हणत असताना त्यांनी खुर्ची ओढून सर्वाधिकाऱ्याच्या नावाने फोटो काढायचा प्रोग्रॅम एकदा हाताने चालवून दाखवला. आकाश चाललं. विमावाले विजयी मुद्रेने चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशच उमटेना. सर्वाधिकाऱ्याने काढलेले फोटो सर्वाधिकाऱ्याच्याच मालकीचे झाले होते, आणि कुलूपरावांच्या सर्व्हिसला त्यांवर नवा फोटो लिहिता येईना. पडद्यावर अक्षरं उमटली: परवानगी नाकारली. स्वतःचं घर, स्वतःचा कंप्युटर, स्वतःच्या नावाचा फोल्डर, स्वतःच्या सासऱ्यांचं आकाश, आणि परवानगी नाकारली! कचेरीत कुलूपरावांनी लोकांचे अर्ज असेच परत पाठवले होते. पण तिथे निदान कारण लिहायची पद्धत होती. फोल्डर पुन्हा आपल्या नावावर करून घेताना त्यांना उशीर झाला आणि कुलूप एकदाच ओढून निघावं लागलं. दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागलं नाही.

रविवार आला. कुलूपराव दिवसभर घरी होते. लॉगिन करून त्यांनी काही हिशेब लिहायला घेतले, मग तसेच खुर्चीत पेंगले. घरभर ती रविवारची दुपार पसरली होती जिला सुरुवात आणि शेवट नसतो. नळ ठिबकत होता आणि लांब कुणीतरी पेटी वाजवायला शिकत होतं, त्याच दोन सुरांवर पुन्हा पुन्हा येऊन. मागच्या खोलीत आकाश सावकाश चाललं होतं. पेंगता पेंगता कुलूपरावांना वाटलं की आपण गच्चीवर उताणे पडलोय, आणि ढग आपल्यासमोर एकेक करून येतायत, वाकून विचारतायत, साहेब, आमचा अर्ज मंजूर झाला का.

"जावईबापू!"

ते दचकून उठले आणि आत गेले. सासरे उशीला टेकून बसले होते. डोळ्यांत गोळ्यांची झापड नव्हती.

"ढग आज दिवसभर चालतायत," सासरे म्हणाले. "मागच्या रविवारीही चालले. त्याआधीच्या रविवारीही. शिवाय त्या गुरुवारी तुमचं पोट बिघडलं म्हणून तुम्ही घरी होतात, तेव्हाही. बाकी सगळे दिवस उभे. आता मला सांगा, आकाशाला तुमच्या कचेरीची वेळ कशी कळते?"

कुलूपराव दारातच उभे राहिले. बायको त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"मला भास होत असतील," सासरे शांतपणे म्हणाले, "तर त्यांनी सुट्ट्या पाळायचं कारण नाही. भास रजेवर जात नाहीत. यात माझी चूक नाही. यंत्र थांबतंय. आणि ते तुम्ही गेलात की थांबतं."

कुलूपराव वळले, दिवाणखान्यात गेले आणि त्यांनी लॉगआउट केलं. मग तिघंही टीव्हीकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. कडेला एक कापसासारखा ढग अर्धाच आत आला होता. तो तसाच राहिला, दारात अडलेल्या पाहुण्यासारखा. बायकोने गच्चीवर धाव घेतली आणि वरून जिन्यात ओरडून सांगितलं, "अहो, वरचा गेलासुद्धा!"

खाली आल्यावर ती वडिलांच्या पलंगाच्या कडेला बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला. "आम्ही डॉक्टर बोलावला," एवढंच म्हणाली.

"डॉक्टरला वार माहीत नव्हता," सासरे म्हणाले. "मुळात भला माणूस आहे."

कुलूपरावांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. ज्या शिस्तीबद्दल आयुष्यभर पाठ थोपटून घेतली, तिनेच एका वृद्ध विद्वानाला वेड्यात काढलं होतं. ते लॉगआउट करत, आणि यंत्र मानायचं की मालक गेला, आता त्याच्या नावाचं कुठलंच काम चालू ठेवायचं कारण नाही. मग ते अदबीने सगळं आवरून ठेवायचं. म्हणजे यंत्र अगदी त्यांच्यासारखंच वागत होतं. रागवायचं तरी कुणावर?

"मग लॉगआउट करूच नका," बायको म्हणाली.

तेही करून पाहिलं. सोमवारी कुलूपराव पडद्याला नुसतं कुलूप लावून गेले आणि आत त्यांचं सेशन, म्हणजे त्यांची हजेरी, चालूच राहिलं. कचेरीत त्यांना दिवसभर वाटत राहिलं की आपण घरी अर्धवट बसलेलो आहोत. तिकडे बायकोने आपल्या नावाने दुसरं सेशन उघडलं, आणि एकाच वेळी दोन माणसांचा संसार पेलायची त्या म्हाताऱ्या यंत्रात ताकद नव्हती. तिने 'परीक्षा' शब्दातली वेलांटी बदलायला घेतली ती यंत्राला दुपारपर्यंत कळली नाही. शेवटी तिने वैतागून बटण दाबून कंप्युटर बंद-चालू केला. चालू तर झाला, पण कुलूपरावांनी लॉगिन केलेलंच नव्हतं. आकाश पुन्हा गेलं, आणि या वेळी टीव्हीवर नुसती निळी पाटी. सासऱ्यांनी तिच्याकडे बघून "निरभ्र," असा शेरा मारला.

त्या संध्याकाळी कुलूपरावांनी सासऱ्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकली आणि लिनक्सची माहितीपुस्तिका मांडीवरच्या फोनवर उघडली. ते मोठ्याने वाचत आणि मराठीत सांगत गेले, सासरे डोळे मिटून ऐकत गेले. माणूस पहिल्यांदा आत आला की त्याच्यासाठी एक कारभारी नेमला जातो. त्याच्या सगळ्या सर्व्हिसेस तो कारभारी बघतो. माणसाचं शेवटचं सेशन संपलं की कारभारीही कामं थांबवून निघून जातो.

"आमच्या वेधशाळेत असं असतं तर रात्री वारा वाहिलाच नसता," सासरे म्हणाले. "पुढे वाचा."

पुढे होतं. एखाद्या माणसासाठी 'लिंगर' चालू करून ठेवता येतं. म्हणजे तो लॉगिन असो वा नसो, यंत्र सुरू झालं की त्याचा कारभारी हजर, आणि माणूस गेला तरी कारभारी जात नाही.

"लिंगर म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

कुलूपरावांनी शब्द शोधला. "रेंगाळणं."

"रेंगाळायची परवानगी घ्यावी लागते?"

"इथे लागते."

एका ओळीचा हुकूम होता. कुलूपरावांनी तो टाइप केला, दोनदा वाचला, बटण दाबलं. यंत्राने हूं की चूं केलं नाही. पावती नाही, पोच नाही. एवढ्या मोठ्या मंजुरीला निदान एखादा शिक्का हवा होता असं त्यांना वाटून गेलं. मग त्यांनी कंप्युटर बंद-चालू केला आणि हात मागे बांधून नुसते उभे राहिले. लॉगिनची पाटी समोर होती, नाव विचारत होती. त्यांनी नाव सांगितलं नाही. मागच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "आलं! संध्याकाळचं आलं. कडा लाल आहेत."

दुसऱ्या दिवशी कुलूपराव कचेरीत एका वादग्रस्त गटाराचा नकाशा उलगडून बसले होते तेव्हा फोन वाजला.

"जावईबापू, तुम्ही लॉगआउट केलंत ना?"

"केलं, बाबा. का? थांबलं का?"

"थांबलं नाही. म्हणूनच विचारतोय." सासऱ्यांचा आवाज भरभर येत होता. "सूर्याला खळं पडलंय. मोठं. टीव्हीवर स्वच्छ दिसतंय. पण मधे काच आहे, कॅमेऱ्याचा डागही असू शकतो. मी आत्ता वेधशाळेला सांगितलं आणि ते नसलं, तर पुन्हा मला आराम करायला सांगतील. तुम्ही जरा बाहेर जाऊन बघाल का? तुमच्या डोळ्यांनी?"

कुलूपराव उठले. नकाशा उलगडलेला, कपाट उघडं, पंखा चालू, दिवा चालू, कंप्युटर चालू. ते तसेच बाहेर पायऱ्यांवर आले. सूर्याकडे थेट बघू नये म्हणून त्यांनी मोकळा हात सूर्याच्या आड धरला. त्याच्या चहूबाजूंनी, पातळ पांढुरक्या आकाशात, एक भलंमोठं वर्तुळ होतं. आतल्या कडेला फिकट तांबूस. रस्त्यावरून लोक चालले होते, गाड्या चालल्या होत्या, आणि डोक्यावर एवढं मोठं कडं कुणाला न विचारता लटकलं होतं.

"जावईबापू?"

"आहे, बाबा."

"कड तुटक की पूर्ण?"

कुलूपरावांनी मान मागे टाकून सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती नजरेने फिरून पाहिली. घाई करून चालणार नव्हतं. मागे त्यांचे साहेब दारात येऊन उभे राहिले होते, साहेबांच्या मागे टंकलेखिका, तिच्या मागे अर्जदारांची रांग. सगळ्यांच्या माना वर होत्या.

"पूर्ण," कुलूपराव म्हणाले. "एकदम पूर्ण. कुठेही तुटलेली नाही."

पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला.

"बरं," सासरे म्हणाले. "मग ठेवा फोन. मला वेधशाळेला कळवायचंय."